सह्याद्रीत मुक्कामाला कोणता स्टोव्ह न्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा जणांचा ग्रुप, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गडावर एक-दोन रात्रींचे मुक्काम, अधूनमधून स्वतःच्या गाडीने धरणाकाठी तंबू. चहा, पोहे, खिचडी, जमलं तर भाकरी. यासाठी स्टोव्ह कोणता घ्यावा, आणि दुकानात "सगळ्यात हलका" म्हणून दाखवतात तो तळहाताएवढा बर्नर पुरेल का?

तो पुरणार नाही. तो एकट्यादुकट्यासाठी आणि लहान भांड्यासाठी बनलेला असतो. तुमच्यासारख्या ग्रुपने पाठीवर न्यायला नळीचा, म्हणजे कॅनिस्टर (गॅसचा छोटा डबा) बाजूला जमिनीवर उभा राहतो आणि बर्नर स्वतःच्या तीन-चार पायांवर बसतो असा स्टोव्ह घ्यावा. गाडीने जाताना कॅसेट स्टोव्ह, म्हणजे बाजूला लांबट कॅन आडवा बसणारा चपटा स्टोव्ह. दोन्ही कामं एकाच स्टोव्हवर भागवायची असतील तर नळीचाच घ्या आणि भाकरीचा नाद सोडा.

कारण सरळ आहे. २३० ग्रॅमचा कॅनिस्टर साधारण नऊ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर बर्नर बसवला की टोपाचा तळ जमिनीपासून वीतभर वर जातो. वरचे तीन दाते उघडल्यावर जेमतेम बारा ते पंधरा सेंटिमीटरचा आधार देतात. पाच जणांच्या खिचडीचा टोप वीस-बावीस सेंटिमीटरचा आणि भरल्यावर साडेतीन-चार किलोचा. कातळ कुठेच सपाट नसतो, त्यात कोणी पळी फिरवताना जरा जोर लावला की सगळं जमिनीवर. नळीच्या स्टोव्हवर टोप जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर राहतो आणि पायांचा पसाराही मोठा असतो. वजन शंभर ग्रॅमऐवजी दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम होतं. पाच सॅकमध्ये सामान वाटताना हा फरक कोणाला कळतही नाही.

खोक्यावरच्या किलोवॅटला फार भुलू नका. १ किलोवॅट म्हणजे तासाला साधारण ७३ ग्रॅम गॅस, म्हणजे ३ किलोवॅटचा बर्नर पूर्ण उघडला तर २३० ग्रॅमचा कॅनिस्टर तासाभरात संपतो. आपल्या जेवणाला मोठ्या आचेपेक्षा मंद आच महत्त्वाची. बर्नरचं तोंड दोन-अडीच सेंटिमीटरचं असेल तर ज्योत टोपाच्या मधोमध एकाच जागी लागते. तिथे खिचडी करपते आणि कडेचे तांदूळ कच्चे राहतात. पाच-सहा सेंटिमीटर रुंद तोंडाचा बर्नर बघा. शक्य असेल तर विकत घेण्याआधी पेटवून बघा. चावी हळूहळू बंद करत आणली की ज्योत बारीक होऊन टिकली पाहिजे, फुप्प करून विझता कामा नये. भांडं जाड ॲल्युमिनियमचं न्या. टायटॅनियमचं भांडं हलकं असतं खरं, पण पातळ असल्यामुळे त्यात पाणी उकळण्यापलीकडे काही धड होत नाही. बर्नर आणि उंच मग एकत्र जोडलेले स्टोव्ह मिळतात, तेही पाणी उकळणाऱ्यांसाठीच. त्यात पोहे करायला गेलात तर तळ खरवडत बसाल.

गॅस किती लागेल याचा हिशेब घरी बसून करता येतो. वीस अंशाचं एक लिटर पाणी, झाकण ठेवून, वारा नसताना उकळायला १३ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. पाच जणांचा चहा आपण नुसता उकळत नाही, दूध घालून चांगला कढवतो, म्हणून एका वेळेला २५ ग्रॅम धरा. अर्धा किलो तांदूळ, पाव किलोला थोडी कमी मूगडाळ आणि अडीच लिटरच्या आसपास पाणी, अशी खिचडी उकळीला यायला ४०-४५ ग्रॅम. पुढे वीस मिनिटं मंद आचेवर आणखी २० ग्रॅम आणि फोडणीचे पाच. सकाळचा चहा पुन्हा २५ आणि पोह्यांना १५-२०. एका रात्रीची बेरीज १४० ग्रॅमच्या घरात जाते. ही सगळी निवाऱ्यातली गणितं आहेत. उघड्यावर दीडपट धरा. म्हणजे पाच जणांना एका रात्रीला २३० ग्रॅमचा एक कॅनिस्टर, दोन रात्रींना दोन. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले आणि दहा मिनिटं शिजल्यावर टोप उतरवून टॉवेल आणि मॅटमध्ये गुंडाळून वीस मिनिटं ठेवला तर शेवटच्या उकळीचा बराचसा गॅस वाचतो. झाकण विसरलात तर हा सगळा हिशेब विसरा.

अर्धवट वापरलेल्या कॅनिस्टरमध्ये किती उरलं हे हलवून कळत नाही. नवा कॅनिस्टर आणल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि बुडाला मार्करने वजन लिहा. २३० ग्रॅमचा भरलेला डबा साधारण ३८० ग्रॅम भरतो, पण पत्र्याचं वजन प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून स्वतः मोजलेलंच खरं.

आता वारा. सह्याद्रीत स्टोव्हचा खरा शत्रू थंडी नसून वारा आहे. माचीवर किंवा कड्याजवळ संध्याकाळनंतर जो वारा सुटतो, त्यात ज्योत टोपाखालून बाजूला ढकलली जाते आणि गॅस दुप्पट जळूनही पाणी नुसतं कोमट राहतं. आधी जागा निवडा: तटबंदीचा आडोसा, पाण्याच्या टाक्यापासून थोडी दूर असलेली खोलगट जागा, मोठा धोंडा. मग दुमडता येणारा ॲल्युमिनियमचा पडदा. इथे लोक घोडचूक करतात. कॅनिस्टरवर थेट बसणाऱ्या बर्नरभोवती पडदा चारी बाजूंनी लावला की उष्णता आत कोंडून कॅनिस्टर तापतो. डब्यावर ५० अंशांच्या वर तापवू नका असं छापलेलं असतं, ते उगाच नाही. अशा स्टोव्हला पडदा फक्त वाऱ्याच्या बाजूने लावा, जास्तीत जास्त निम्मा घेर, आणि कॅनिस्टरपासून वीतभर लांब. दर पाच मिनिटांनी डब्याला हात लावा. गॅस आत वाफ होत असताना डबा आपोआप गार पडतो, त्यामुळे हाताला तो गारच लागला पाहिजे. कोमट लागला तर पडदा काढा, गरम लागला तर स्टोव्ह बंद करा. नळीच्या स्टोव्हचा मोठा फायदा इथेच आहे: बर्नरभोवती पूर्ण पडदा लावा, कॅनिस्टर पडद्याबाहेर नळीच्या टोकाला सुरक्षित असतो. धोंड्यांची चूल रचून त्यात कॅनिस्टरवाला स्टोव्ह ठेवणं किंवा दोन कॅनिस्टर स्टोव्ह शेजारी ठेवून वर एकच मोठं पातेलं चढवणं, हे दोन्ही प्रकार गडांवर दिसतात आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात.

थंडीचं प्रकरण वेगळं. डब्यावर गॅसचं मिश्रण लिहिलेलं असतं ते वाचा. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे १२ च्या जवळ, प्रोपेन उणे ४२ ला. पहाटे सहा-सात अंश तापमान असेल तर कागदावर ब्यूटेन चालायला हवा. पण जळता जळता डबा स्वतःच गार होत शून्याकडे जातो आणि अर्धा भरलेला असूनही ज्योत मान टाकते. म्हणून पाठीवरच्या स्टोव्हसाठी प्रोपेन किंवा आयसोब्यूटेन मिसळलेला कॅनिस्टर घ्या. शुद्ध ब्यूटेनच हाती असेल तर रात्री तो स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा आणि सकाळी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या ताटलीत बोटभर बुडवून उभा करा. उकळतं पाणी नको, आणि दुसऱ्या स्टोव्हची किंवा मेणबत्तीची ज्योत तर मुळीच नको.

उंचीची काळजी इथे करू नये. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, डाळ थोडा जास्त वेळ घेते इतकंच. हिमालयात चार हजार मीटरवर तेच ८६-८७ अंशांवर येतं. तिथे तूरडाळ उघड्या टोपात शिजतच नाही, कुकर लागतो. सह्याद्रीत मूगडाळ न्या, कुकर घरी ठेवा.

जोडणीकडे बारकाईने बघा, कारण गळती बहुतेक वेळा इथूनच होते. कॅनिस्टरच्या तोंडाशी आटे असतात आणि मध्ये छोटी झडप. बर्नरच्या किंवा नळीच्या आट्यांच्या आत, बोटाने चाचपलं तर लागते अशी काळी रबरी ओ-रिंग असते. गॅस अडवते ती रिंग, आटे नव्हेत. ती निघून पडलेली, चिरलेली किंवा कडक झालेली असेल तर कितीही आवळा, गॅस येणारच. उलट आवळून आवळून तुम्ही झडप खराब कराल. पद्धत अशी: आधी स्टोव्हची चावी पूर्ण बंद. कॅनिस्टर उभा धरून बर्नर सरळ टेकवा, आधी अर्धा फेरा उलटा फिरवा, आटे नीट बसल्याचं हाताला कळतं, मग सुलटा. हाताने आवळलं की पुरे, पक्कड लागत नाही. शेवटच्या फेऱ्यात एकदा बारीकसा 'फिस्स' येतो तो चालतो, फिरवणं थांबल्यावरही येत राहिला तर चालत नाही. शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी ओढून बघू नका. त्याच मापाची एक ओ-रिंग कायम जवळ असू द्या. हे आटे आणि झडप ईएन ४१७ या मानकाप्रमाणे असतात. डबा आट्यांचा असून त्यावर हा आकडा असेल तर वेगळ्या कंपनीचा कॅनिस्टरही तुमच्या स्टोव्हला बसतो. टोचून बसवायचे जुन्या पद्धतीचे डबे मात्र घेऊ नका. एकदा टोचले की अर्धे भरलेले असताना काढता येत नाहीत.

कॅसेट स्टोव्ह म्हणजे हॉटेलात टेबलावर ठेवतात तो चपटा, बाजूला लांबट कॅन आडवा बसतो तो. दीड-दोन किलोचा असल्याने पाठीवर नेण्यात अर्थ नाही, पण गाडीत याच्यासारखं सोयीचं काही नाही. बसका, रुंद ज्योत, तव्यावर भाकरी होते, कढईत भजी होतात. कॅनच्या कडेला एक खाच असते, ती वर येईल असाच कॅन बसवायचा. आतली बारीक नळी त्या खाचेच्या बाजूला वळवलेली असते, त्यामुळे खाच वर असली की वरची वाफ बर्नरकडे जाते. खाच खाली गेली तर द्रव गॅस जाईल आणि ज्योत फूटभर उसळेल. चांगल्या स्टोव्हमध्ये दाब वाढला की कॅन आपोआप सुटून गॅस तुटतो. स्टोव्ह असा स्वतःहून बंद पडला तर खटका पुन्हा पुन्हा दाबून भांडू नका, कॅन का तापला ते शोधा. बहुतेक वेळा कारण एकच असतं, कॅनच्या कप्प्यावर झुकलेला मोठा तवा किंवा पातेलं. वाऱ्यात याची ज्योत सहज विझते, म्हणून गाडीच्या आडोशाला ठेवा. शिल्लक कॅन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मार्च-एप्रिलच्या दुपारी बंद गाडीचा डॅशबोर्ड ५० अंश केव्हाच ओलांडतो.

रिकामे कॅन आणि कॅनिस्टर घरच्या सिलिंडरमधून भरून देणारे भेटतात, तशी नळ्यांची जोडणीही विकत मिळते. स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात. घरगुती एलपीजीत प्रोपेन असतो, त्याचा दाब ब्यूटेनसाठी बनलेल्या पातळ पत्र्याच्या कॅनला झेपेल इतका नसतो. शिवाय भरताना आत वाफेसाठी मोकळी जागा ठेवावी लागते. ती राहिली नाही तर थोडी उष्णता लागली तरी द्रव फुगून पत्रा फाडतो. गल्लीत भरून मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या दोन किलोच्या सिलिंडरलाही हेच लागू. पंधरा-वीस जणांचं जेवण गाडीने न्यायचं असेल तर तेल कंपन्यांचा अधिकृत पाच किलोचा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलचा 'छोटू' अनेक पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळतो. बर्नर त्याच्या डोक्यावर न बसवता रेग्युलेटर, नळी आणि वेगळी शेगडी वापरा.

बाकीच्या इंधनांचं थोडक्यात. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह थंडीत आणि वाऱ्यात उत्तम चालतो, पण आता रॉकेल मिळवणं हाच उद्योग होऊन बसतो. शिवाय स्पिरिटने तोंड तापवणं, पिन मारणं, पंपाचा चामडी वायसर तेलात भिजवून ठेवणं हे सगळं अंगवळणी असेल तरच तो घ्या. पेट्रोल चालणारे मल्टिफ्युएल (एकाहून जास्त इंधनांवर चालणारे) स्टोव्ह लडाखसारख्या लांबच्या मोहिमांना ठीक, मात्र आपल्या पंपावरच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने रबरी वायसर लवकर जातात, जास्तीचे बरोबर हवेत. स्पिरिटचा छोटा बर्नर एकट्याच्या चहाला छान. अर्धा लिटर पाण्याला २५-३० मिली लागतं. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून पेटत्या बर्नरमध्ये "विझला वाटतं" म्हणून बाटलीने स्पिरिट ओतणारे भाजतात. पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. हे स्पिरिट विषारी असतं, पाण्याच्या बाटलीत कधीच नेऊ नका. हेक्सामीनच्या, म्हणजे घन इंधनाच्या गोळ्या सॅकच्या तळाशी आपत्कालीन म्हणून ठेवाव्यात. १४ ग्रॅमच्या गोळीवर अर्धा लिटर पाणी कसंबसं उकळतं, वास मासळीसारखा आणि भांड्याला चिकट काजळी.

काटक्यांच्या स्टोव्हचा मोह टाळा. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० प्रमाणे तिथे धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. संरक्षित किल्ल्यांवर परवानगी दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करायला मनाई असते, तिथे गॅसचा स्टोव्ह असल्याने सूट मिळत नाही. पायथ्याच्या गावात जेवणाची सोय करणं हा अशा वेळी सरळ मार्ग. गोव्यात तर २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड आहे. तेव्हा किनाऱ्यावर कॅसेट स्टोव्ह मांडू नका.

प्रवासाचा मुद्दा स्टोव्ह निवडतानाच बघायचा, निघायच्या दिवशी नव्हे. लोकलने कर्जत किंवा कसाऱ्याला जाऊन ट्रेक करणाऱ्यांच्या सॅकमध्ये कॅनिस्टर असतात, पण रेल्वेत ज्वलनशील गॅस किंवा रॉकेल नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पाठीवरचा मुक्काम असला तरी कॅनिस्टर खाजगी गाडीनेच पोचवायचा. विमानात तो हातातल्या आणि चेक-इन अशा दोन्ही सामानात चालत नाही. हिमालयात जाणाऱ्यांनी नुसता स्टोव्ह न्यावा, तोही इंधनाचा वास न येणारा, आणि कॅनिस्टर मनाली किंवा लेहमध्ये घ्यावा.

तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, पाऊस असला तरी. कापड वितळणं हा त्यातला छोटा धोका. बंद जागेत ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि माणूस पेंगत पेंगत बेशुद्ध पडतो. गुहेत स्वयंपाक करायचा तर तोंडाशी, आत नव्हे. टोपाचा तळ ज्योतीत बुडालेला असेल किंवा ज्योत पिवळी असेल तर हा वायू जास्त निघतो. ज्योत निळी आणि टोकं तळाला जेमतेम टेकलेली, इतकी आच ठेवा.

ऐनवेळी अडतं ते बहुधा पुढच्या गोष्टींत. खटक्याचा लायटर दमट हवेत ठिणगी देत नाही, म्हणून साधा लायटर आणि प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटी जवळ हवीच. पेटवताच मोठी पिवळी ज्योत उसळली तर डबा नुकताच हिंदकळला आहे आणि द्रव वर आला आहे. चावी बंद करा, दोन मिनिटं डबा स्थिर उभा ठेवा, मग बारीक उघडून पेटवा. पेटता स्टोव्ह उचलून जागा बदलली तरी हेच होतं. डबा भरलेला, हवा उबदार आणि तरी ज्योत मरतुकडी असेल तर जेटच्या, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीच्या भोकात कचरा आहे. जेट काढून फुंकर मारा किंवा स्पिरिटमध्ये बुडवा. सुई घातलीत तर भोक मोठं होऊन ज्योत कायमची बिघडेल. कॅनिस्टर काढताना झडप अडकून गॅस येतच राहिला तर घाबरून पुन्हा बसवायच्या फंदात पडू नका. आसपासच्या सगळ्या ज्योती विझवा, डबा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, माणसांपासून दूर, उंचवट्यावर उभा ठेवा आणि रिकामा होऊ द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात किंवा तंबूच्या तळाशी साचून राहतो.

संपलेले डबे गडावर सोडायचे नाहीत, टाक्यात तर नाहीच. ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळा, घरी आणून उघड्यावर, जवळपास आग नसताना चावी पूर्ण उघडी ठेवून उरलासुरला गॅस जाऊ द्या. हलवल्यावर आत काहीच खळखळत नाही याची खात्री झाल्यावर बर्नर काढून खिळ्याने भोक पाडा. भोक दिसलं की भंगारवाला डबा घेतो, बिनभोकाचा बंद डबा शहाणा भंगारवाला हातात धरत नाही.